‘जवळ’ म्हणजे किती

एम.ए.च्या पहिल्या तासाला यादीत बेचाळीस नावं होती आणि वर्गात आम्ही सात जण होतो. राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात असंच असतं, हे मला पुढे कळलं. बाकीचे कुठे नोकरी करतात, कुठे अभ्यासिका लावतात आणि एकदम परीक्षेला उगवतात. आलेल्या सातांपैकी सहा जण बावीस-तेवीस वर्षांचे होते. सातवे गृहस्थ पन्नाशीला टेकलेले. कडक इस्त्रीची पँट, बारीक कापलेले केस, पहिल्या बाकावर ताठ बसलेले. मला वाटलं, ऑफिसातून काही निरोप घेऊन आलेत. मॅडम आत आल्या तसे ते उभे राहिले. आम्ही उठल्यासारखं करून लगेच टेकलो. ते मात्र मॅडम ‘बसा’ म्हणेपर्यंत उभेच होते.

मॅडम आम्हाला आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवणार होत्या. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, हा विषय कशासाठी घेतला? मी खरं ते सांगितलं, की स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून. इतरांचीही उत्तरं थोड्याफार फरकाने तीच होती. त्या गृहस्थांची पाळी आली तेव्हा ते पुन्हा उभे राहिले.

“एक गोष्ट समजून घ्यायची हाय, मॅडम.”

“कोणती?”

“आत्ता सांगता यायची नाय. सांगीन पुढं.”

मॅडमनी मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. त्यांनी खोदून विचारलं नाही, हे मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं. आज मी स्वतः वर्गावर उभी राहते, तेव्हा कळतं की असं थांबणं सोपं नसतं.

आमचं शेत नाशिकजवळ मखमलाबादच्या अंगाला. गुलाब आणि शेवंती. पहाटे आई-बाबा फुलं घेऊन बाजारात जायचे आणि मी घरचं आटोपून कॉलेजात यायचे. आमच्या घरात एम.ए.पर्यंत पोचलेली मी पहिलीच. बाबा बाजारात अभिमानाने सांगायचे, “मुलगी राजकारण शिकते.” त्यावर एका गाळेवाल्याने त्यांना विचारलं होतं, “झेडपीला उभी करता का काय?” बाबांनी ते घरी येऊन हसत सांगितलं, पण मग हळूच मलाही विचारलं, “नाही ना गं तसलं काही?”

मला तरी कुठे नीट माहीत होतं मी काय शिकते आहे ते? आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे युद्धं, नकाशे आणि हात मिळवणारे पुढारी, एवढीच माझी कल्पना. मॅडमनी ती पहिल्या पंधरवड्यातच मोडली. त्या तासाच्या सुरुवातीला फळ्यावर एकच वाक्य लिहायच्या. कुठल्यातरी दोन देशांच्या संयुक्त निवेदनातलं, नाहीतर एखाद्या करारातलं. मग विचारायच्या, “यातला कुठला शब्द काढला तर कोण रागावेल?” एकदा ‘चिंता’ आणि ‘तीव्र चिंता’ यांत काय अंतर आहे, यावर त्यांनी अख्खा तास घेतला होता. म्हणायच्या, “करारात ‘करील’ लिहायचं की ‘करण्याचा प्रयत्न करील’, यावर माणसं आठवडेच्या आठवडे भांडतात. कारण त्या एका शब्दावर कोणाचं तरी घर उभं राहतं, कोणाचं तरी पडतं.” आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो. पहिल्या बाकावरचे ते गृहस्थ उतरवून घ्यायचे नाहीत. ऐकायचे, आणि मॅडम फळा पुसायला लागल्या की म्हणायचे, “मॅडम, दोन मिनिटं राहू द्या.” मग मोठ्या सुट्या अक्षरांत ते एक वाक्य तेवढं लिहून घ्यायचे.

ते नांदगाव तालुक्यातले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता नाशिकला एका बँकेत सुरक्षारक्षक. नोकरीत असतानाच त्यांनी बाहेरून बी.ए. केलं होतं. दुपारी दोनला त्यांची ड्यूटी लागायची, म्हणून दीड वाजला की मॅडमची परवानगी घेऊन निघायचे. वर्गात त्यांना सगळे फौजी काका म्हणत. मीही काकाच म्हणायला लागले.

महिनाभराने एकदा ते मला वाचनालयाच्या दारात गाठून म्हणाले, “ताई, एक काम होतं. नाय म्हटलात तरी चालंल.”

काम साधं होतं. मॅडम इंग्रजी लेख वाचायला द्यायच्या. काकांना इंग्रजी वाचता यायचं, पण लांब वाक्य आलं की अडायचं. “शब्द समजतो, वाक्य नाय समजत,” असं ते म्हणाले. मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला वाचनालयात त्यांना लेख समजावून सांगायचा, असं ठरलं. त्याबद्दल ते सीझनला गावाकडची सीताफळं आणत आणि माझ्याइतकीच ती वाचनालयाच्या बाईंना देत.

मला वाटलं होतं, मी त्यांना शिकवीन. पहिल्याच आठवड्यात उलटं झालं. एका लेखात वाक्य होतं, की सैन्याने तळाच्या आसपासच्या नागरिकांचं रक्षण करावं. मी ते मराठीत सांगून पुढे गेले.

“थांबा ताई. आसपास म्हणजे किती?”

“म्हणजे... जवळपास.”

“ते झालं. पण जवळ म्हणजे किती? दिसंल तेवढं, का पळत जाता येईल तेवढं, का गोळी पोचंल तेवढं? तिन्ही वेगळं हाय.”

मी लेख पुन्हा वाचला. त्यात कुठेच दिलेलं नव्हतं. तीन वर्षं पदवीला आणि आता इथे, मी अशी शेकडो वाक्यं वाचली होती आणि एकाही वाक्याला असं अडवून विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मंगळवार-शुक्रवारची तयारी आदल्या दिवशी करायला लागले. काकांसमोर उघडं पडायला नको म्हणून. तेवढ्यानेच माझा अभ्यास सुधारला, हे मी मॅडमना खूप उशिरा सांगितलं.

दुसऱ्या सत्रात शांतिसेना हा घटक आला. आमच्यात एक मुलगा होता, वर्गातला सगळ्यात हुशार. दिल्लीला जायची तयारी करत होता, बोलायचा फर्डा. मॅडमनी शांतिसेनेबद्दल मत विचारलं तेव्हा तो म्हणाला, “खरं सांगायचं तर हे बघे असतात, मॅडम. निळं हेल्मेट घालून उभं राहायचं, भत्ता घ्यायचा आणि परत यायचं. समोर काही झालं तर कागद दाखवायचा, की आम्हाला परवानगी नाही.”

दोघे-तिघे हसले. मीही हसले असेन. मॅडम काही बोलणार इतक्यात पहिल्या बाकावरून काका उभे राहिले.

“मॅडम, मी बोलू का?”

“बोला ना.”

“मी होतो तिथं.”

काकांनी आफ्रिकेतल्या एका देशाचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. आवाज न चढवता, वर्गाकडे न बघता, फळ्याच्या कडेकडे नजर लावून ते बोलत होते.

एका टेकडीवर त्यांची चौकी होती. तीसेक जवान आणि एक तरुण कॅप्टन. एका सकाळी खालच्या गावात गोळीबार सुरू झाला आणि गावातली माणसं टेकडी चढून चौकीच्या दाराशी आली. बायका, म्हातारी, पोरं, कडेवर तान्ही. दीडदोनशे तरी असतील. काका त्या दिवशी दारावर होते. कॅप्टनने वायरलेसवर वरच्या ठाण्याला विचारलं, पण उत्तर येत नव्हतं. हातात आदेशाचा कागद होता. त्यात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. चौकीच्या जवळच्या नागरिकांचं, शक्य असेल तेवढं, रक्षण करावं. आणि बाहेरच्या कोणाही माणसाला परवानगीशिवाय चौकीत घेऊ नये.

“साहेबांनी कागद दोनदा वाचला. मोठ्यानं वाचला, आम्हाला हिंदीत सांगितला. पोरगं होतं ते, पंचवीस-सव्वीस वर्षांचं. त्यांना दार उघडता येत नव्हतं आणि बंदही ठेववत नव्हतं. मी विचारलं, साहेब, चौकीची हद्द कुठवर, ते लिहिलंय का? ते म्हणाले, नाय लिहिलं. मी म्हटलं, मग तार पुढं घेऊ.”

“म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“चौकीभोवती काटेरी तारेची भेंडोळी असत्यात ना, ती. दार उघडायचं नाय. तार उचलायची आणि त्या माणसांच्या पलीकडं नेऊन टाकायची. आमच्याकडं भाऊभाऊ बांध सरकवत्यात, तसं.” काका पहिल्यांदा किंचित हसले. “साहेबांनी माझ्याकडं बघितलं, आणि स्वतः हातमोजे घातले. दोन तासांत तार पुढं नेली आम्ही. हात फाटले सगळ्यांचे. कोणाला आत घेतलं नाय. ती माणसं जिथं होती तिथंच बसली. पण आता ती तारेच्या आत होती. दुपारी बंदूकवाले चढून आले. तार बघितली, आम्हाला बघितलं, आणि घोळका करून उभे राहिले बराच वेळ. मग गेले.”

कोणीतरी टाळी वाजवायला हात उचलला होता. काकांनी तिकडे पाहिलं नाही.

“पण एक सांगायचं राहिलं. नाल्याच्या पलीकडं सात-आठ माणसं होती. त्यांना उशीर झाला होता. एक बाई होती, पिवळं कापड नेसलेली. ती हात करत होती. साध्या डोळ्यांनी दिसत होती, दुर्बीण लागत नव्हती. मी साहेबांना म्हटलं, तिथवर नेऊ. ते म्हणाले, तिथवर नेली तर तीस माणसांत ती राखता येणार नाय, मग ही दोनशेही जातील. बरोबर होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं. नंतर तिथं कोणी दिसलं नाय. पळाले का काय झालं, ते कळलं नाय.”

मग ते मॅडमकडे वळून म्हणाले, “मॅडम, पहिल्या दिवशी विचारलं होतं ना तुम्ही. कागदावर ‘जवळ’ असं होतं. तो शब्द कोणी लिहिला आणि का लिहिला, ते समजून घ्यायचं होतं.”

मग ते खाली बसले. दीड वाजून गेला होता. त्या दिवशी त्यांनी परवानगी मागितली नाही. मॅडमच म्हणाल्या, “काका, तुमची ड्यूटी.” त्याही त्यांना काका म्हणाल्या, त्या दिवसापासून.

दुसऱ्या दिवशी तो हुशार मुलगा काकांच्या शेजारी पहिल्या बाकावर येऊन बसला. माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या सत्रात मात्र काकांचा सगळा प्रकल्प त्याने टाइप करून दिला, मराठी टायपिंग स्वतः शिकून.

प्रकल्पाचा विषय ठरलेलाच होता, शांतिसेनेच्या आदेशांतली भाषा. हे आदेश ज्या ठरावांवरून निघतात ते ठराव इंटरनेटवर कोणालाही बघता येतात, हे काकांना माहीत नव्हतं. मॅडमनी दाखवलं तेव्हा ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. “म्हणजे हे उघडंच होतं,” एवढंच म्हणाले.

आम्ही ते ठराव छापून घेतले आणि वाचनालयाच्या लांब टेबलावर जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने मांडले. वाचनालयाच्या बाईंनी दुपारपर्यंत ते टेबल दुसऱ्या कोणाला दिलं नाही. मी वाचायचे, काका शब्द निवडायचे आणि खाली रेघ मारायचे. जुन्या कागदांत ‘निरीक्षण’ असा शब्द होता. पुढे ‘रक्षण’ आला. रक्षणाला मग शेपट्या आल्या. ‘शक्य असेल तितपत’. ‘तैनातीच्या क्षेत्रात’. मॅडमनी शिकवलेला तो प्रश्न काका प्रत्येक शेपटीला विचारत होते, की ही काढली तर कोण रागावेल? त्याचं उत्तर शोधायला आम्ही चर्चांची इतिवृत्तं वाचली, राजदूतांची भाषणं वाचली. सैनिक देणारे देश वेगळे, खर्च उचलणारे वेगळे, ज्याच्या भूमीवर हे चाललंय तो देश वेगळा. जो तो आपापली दोरी ओढतोय आणि शब्द मध्ये ताणला जातोय, हे हळूहळू आम्हाला दिसू लागलं.

एका शुक्रवारी काका पेन खाली ठेवून म्हणाले, “ताई, मला इतकी वर्षं वाटत होतं, कोणीतरी खुर्चीत बसून घाईघाईत लिहिलं असंल. चुकून राहिलं असंल. तसं नाय. लय विचार करून लिहिलंय.”

“मग बरं वाटतंय का?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“नाय. चूक असती तर बरं होतं.”

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पेन उचललं आणि पुढचा कागद ओढून घेतला. या माणसाचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्या क्षणासाठी. ज्या उत्तरासाठी ते दोन वर्षं पहिल्या बाकावर बसले, ते त्यांना हवं तसं नव्हतं, आणि तरी त्यांनी अभ्यास अर्ध्यावर सोडला नाही. त्या दिवशी आम्ही आणखी तीन ठराव वाचले.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. कडक म्हणून त्यांची ख्याती. पुढच्या नंबरच्या विद्यार्थ्याला आतच मागच्या खुर्चीवर बसवून ठेवत, त्यामुळे काकांची परीक्षा मी डोळ्यांदेखत पाहिली. काका उभे राहिले. परीक्षक म्हणाले, “बसा.” मग त्यांनी प्रकल्प चाळायला सुरुवात केली. संदर्भ विचारले, ‘सार्वभौमत्व’ म्हणजे काय ते विचारलं. काका अडखळत, पण नीट उत्तरं देत होते. शेवटच्या प्रकरणाशी परीक्षक थांबले. तिथे काकांनी स्वतः एक आदेश लिहिला होता, त्यांच्या मते तो कसा असायला हवा होता तो. एकच परिच्छेद. परीक्षकांनी मोठ्याने वाचलं, “‘पहाऱ्यावरच्या शिपायाला साध्या डोळ्यांनी जिथवर माणूस दिसतो, तिथवर.’ हे तुमचं वाक्य?”

“हो सर.”

“असं वाक्य घातलं तर कोणताही देश आपले सैनिक पाठवणार नाही. इतकी मोठी जबाबदारी कोण घेईल? हे भावनिक झालं.”

“माहिताय सर. ते पुढच्या पानावर लिहिलंय.”

परीक्षकांनी पान उलटलं. पुढच्या पानावर काकांनी, हे वाक्य का मान्य होणार नाही, याची कारणं लिहिली होती. कोणता देश कोणत्या शब्दावर अडेल, मग कोणती तडजोड सुचवली जाईल, आणि त्या तडजोडीनंतर पुन्हा जवळजवळ जुनंच वाक्य कसं तयार होईल. ते पान त्यांनी माझ्याकडून किंवा मॅडमकडूनही तपासून घेतलं नव्हतं. परीक्षक ते सावकाश वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी प्रकल्प मिटला आणि मॅडमकडे न बघता काकांना विचारलं, “मग पहिलं वाक्य कशाला ठेवलंत?”

“ते बरोबर हाय म्हणून, सर.”

परीक्षकांनी गुणांचा तक्ता ओढून घेतला. काका उठले, सावधान उभे राहिले आणि बाहेर गेले. माझा नंबर आला तेव्हा मला माझ्याच प्रकल्पाचं नाव क्षणभर आठवेना.

काकांना प्रकल्पात वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. एकूण निकाल द्वितीय श्रेणी. पेपरांत वेळ पुरायचा नाही त्यांना, त्या मोठ्या सुट्या अक्षरांमुळे. निकालाच्या दिवशी ते बँकेच्या गणवेशातच आले. मॅडमना पेढे देताना त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ तो नुसताच हातात धरून ठेवला.

मी स्पर्धा परीक्षेचा नाद सोडला. प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा दिली आणि आता कळवणकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. बाबा अजूनही म्हणतात, “मुलगी राजकारणात आहे,” आणि मी आता ते दुरुस्त करत नाही. गेल्या वर्षी शांतिसेनेचा घटक आला तेव्हा मी काकांना फोन केला. ते आता गावी राहतात; तिथून मालेगावमार्गे दोन एसट्या बदलून आले. वर्गात अकरा मुलं होती. बहुतेक जण पोलीस भरती नाहीतर सैन्य भरतीची तयारी करणारे. त्यांनी बंदुकांबद्दल विचारलं, पगाराबद्दल विचारलं, काकांनी दोन्हीची उत्तरं थोडक्यात दिली आणि तारेची गोष्ट सांगितली. नाल्यापलीकडच्या माणसांसकट सांगितली.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, पण ती दोनशे माणसं तारेच्या आत खात काय होती?”

हा प्रश्न मी त्यांना कधीच विचारला नव्हता. काकांचा चेहरा एकदम खुलला.

“आमचंच रेशन. अर्धं-अर्धं केलं. पण आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, खिचडी करायचा ती त्या लोकांना गळ्याखाली उतरंना. दोन दिवस त्यांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी चार-पाच बायका उठल्या, त्याच्या हातातला झारा काढून घेतला आणि त्याला बाजूला बसवला. कुठल्यातरी पाल्याची भाजी केली त्यांनी. त्या पाल्याचं नाव मला आजपर्यंत कळलं नाय. लय चांगली झाली होती. अकरा दिवस होते ते लोक, आणि पुढचे सगळे दिवस आम्ही त्यांच्या हातचं जेवलो.”

मुलं हसली. ती मुलगी काहीतरी वहीत लिहून घेत होती. तास संपल्यावर आम्ही स्टँडवर चहा घेतला. मालेगावची गाडी लागली तसे काका उठले. माझ्या तासाचं त्यांनी काही कौतुक केलं नाही, फक्त गाडीत चढताना एवढं म्हणाले, “ताई, फळा पुसायची घाई करू नका. पोरं हळू लिहित्यात.”